डिफ-लॉक असलेला ट्रक रोजच्या रस्त्यावर कसा चालवावा

चिखलात रुतलेला ट्रक डिफ-लॉक, म्हणजे एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉक, लावताच सरळ वर निघतो, तेव्हा त्या बटणावर जीव जडतो. माझाही जडला आहे. पण ट्रकचं बरंचसं आयुष्य चिखलात जात नाही. ते डांबरावर, चौकात, पुलाच्या उतारावर, पार्किंगच्या अरुंद वळणात जातं. तिथे हाच लॉक टायर खातो, स्टीअरिंग जड करतो आणि ओल्या रस्त्यावर मागची बाजू अलगद आडवी नेतो. योग्य सवय लावली तर असा लॉक (लॉकर) बसवलेला ट्रक रोज, अगदी गर्दीतूनही, नीट चालवता येतो. त्यासाठी आधी हे समजून घ्यायला हवं की वळणात चाकांना नेमकं काय हवं असतं.

वळणात काय घडतं

मागच्या दोन चाकांमध्ये १.६ मीटर अंतर धरा. असा ट्रक काटकोनात वळला की बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे अडीच मीटर जास्त चालतं. वळण लहान असो की मोठं, काटकोनाला हा फरक तेवढाच. आता ८० सेंटीमीटर व्यासाचा टायर घ्या, त्याचा घेरही अडीच मीटरच भरतो. म्हणजे एका चौकात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा एक अख्खा फेरा जास्त मारावा लागतो. साधं डिफरन्शियल (डिफ), म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, हा फेरा मारू देतं, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही.

साध्या डिफची अडचण दुसरीच आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, त्यामुळे एक चाक चिखलात मोकळं फिरायला लागलं की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. लॉक लावला की दोन्ही ॲक्सल शाफ्ट (चाकांपर्यंत जोर नेणारे दांडे) एकजीव होतात आणि ज्या चाकाला पकड आहे त्याच्याकडे जोर जातो. मात्र त्या बदल्यात वळणातला तो जास्तीचा फेरा मारायची सोय जाते. मातीत टायर थोडा घसरून हिशोब जुळवून घेतो. कोरड्या डांबरावर टायर सहजी घसरत नाही, मग तो ताण शाफ्टमध्ये पीळ होऊन बसतो. शिवाय एकाच चाकाला पकड असेल तर सगळा जोर एकट्या शाफ्टवर येतो. साध्या डिफमध्ये तो कधीच अर्ध्यापेक्षा जास्त येत नाही. लॉक असलेल्या ट्रकचे शाफ्ट तुटतात ते यामुळे.

पायरी १ : आपल्याकडे कोणता लॉक आहे ते ओळखा

हे ठाऊक नसेल तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही.

बटणाचा लॉक हवेवर, विजेवर किंवा केबलवर चालतो. बंद असताना तो पूर्णपणे साध्या डिफसारखा वागतो. ऑटोमॅटिक लॉकरला बटण नसतं. तो कायम लॉकच असतो आणि वळणात जास्त वेगाने फिरू पाहणाऱ्या चाकाला तेवढ्यापुरता सोडून देतो. डेट्रॉइट लॉकर या जातीचा. तिसरा प्रकार जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये जी-८० या कोडने येतो. तो एरवी मोकळा असतो, पण दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आपोआप लॉक होतो, आणि ताशी ३० किलोमीटरच्या आसपासच्या वर तो लागत नाही. चौथा म्हणजे स्पूल (दोन्ही शाफ्ट कायमचे जोडणारा भाग) किंवा वेल्डिंग करून जाम केलेलं डिफ, जे कधीच सुटत नाही. लिमिटेड स्लिप हा लॉक नव्हे. तो एका मर्यादेपर्यंतच चाकांना बांधून ठेवतो.

जुना ट्रक घेतला असेल आणि विकणाऱ्यालाही काही सांगता येत नसेल, तर सपाट, कडक जमिनीवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मागची दोन्ही चाकं उचलून ॲक्सलचं हाऊसिंग (बाहेरचं कवच) भक्कम स्टँडवर टेकवा. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. आता एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर डिफ साधं आहे, किंवा लॉक असूनही आत्ता सुटलेला आहे. उलटं फिरतं पण बराच जोर लावावा लागतो, तर लिमिटेड स्लिप असण्याची शक्यता मोठी. किंचित हलून चाक जाम राहिलं तर आत ऑटोमॅटिक लॉकर, स्पूल किंवा लागून राहिलेला लॉक आहे. यातला ऑटोमॅटिक कोणता ते सावकाश वळताना येणाऱ्या टक-टक आवाजावरून कळतं.

पायरी २ : बटणाचा लॉक रस्त्यावर बंद, आणि खरोखर सुटलेला

बटण बंद करणं आणि लॉक सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मी कच्च्या वाटेवरून डांबरावर चढताना शिकलो. चढ संपला, बटण बंद केलं, आणि पुढच्याच वळणावर स्टीअरिंग दगडासारखं जड झालं. मागून टायरचा कुं-कुं असा बारीक आवाज येत होता. डॅशबोर्डवर पाहिलं तर पिवळा दिवा अजून लुकलुकत होता. शाफ्टमध्ये पीळ राहिला होता आणि त्याने लॉकचे दात घट्ट आवळून धरले होते. ट्रक थांबवला, मागे कोणी नाही याची खात्री केली, चाकं सरळ ठेवून दोन मीटर रिव्हर्स घेतला. सीटखाली एक ठसठशीत ‘खट्’ झालं आणि दिवा विझला.

तेव्हापासूनचा माझा क्रम असा. डांबर सुरू व्हायच्या आधी, माती अजून पायाखाली असतानाच बटण बंद करतो. मग स्टीअरिंग सरळ ठेवून ॲक्सिलरेटर सोडतो, क्लच दाबतो आणि गाडी हळू पुढे सरकू देतो. दिवा विझला नाही तर चालण्याच्या वेगात स्टीअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवतो. तरीही नाही, तर दोन-तीन मीटर सरळ रिव्हर्स. दिवा विझल्याशिवाय पुढे निघत नाही. लुकलुकणारा दिवा म्हणजे बटण आणि लॉक यांचं अजून एकमत झालेलं नाही.

लावतानाही हीच शिस्त हवी. एक चाक गरगर फिरत असताना बटण दाबलं तर फिरते दात थांबलेल्या दातांवर आदळतात आणि तुकडे तेलात पडतात. आधी ॲक्सिलरेटर सोडा, चाक थांबू द्या, मग लावा.

आणखी एक गोष्ट मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा. अनेक पिकअपमध्ये मागचा लॉक लागला की स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) बंद होतं, काहींत एबीएससुद्धा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा). लॉक चुकून राहिला तर ही मदतही हातची जाते.

पायरी ३ : ऑटोमॅटिक लॉकरचं वळण

इथे बंद करायला बटण नाही. जे काही करायचं ते उजव्या पायाने.

ऑटोमॅटिक लॉकर वळणात बाहेरच्या चाकाला सोडतो, आणि इंजिनचा जोर आतलं चाक घेतं. तुम्ही मध्येच ॲक्सिलरेटर सोडला तर काम उलटं होतं. आता इंजिन गाडीला मागे ओढतं, तो ओढा बाहेरच्या चाकावर येतो आणि आतलं सुटतं. ही अदलाबदल होताना मागून धक्का बसतो आणि ट्रक लेनमध्ये एक हिसका देतो. पुन्हा रेस दिली की पुन्हा हिसका. नवा ड्रायव्हर घाबरतो तो इथेच. लॉकर खराब आहे असं त्याला वाटतं, पण बहुतेक वेळा पायच अस्थिर असतो.

म्हणून वळणाचं सगळं काम वळणाआधी उरका. रस्ता सरळ असतानाच ब्रेक मारून वेग उतरवा. ज्या गिअरमध्ये वळण पूर्ण होईल तो गिअर आधीच टाका. मग ॲक्सिलरेटरवर अगदी हलका पाय ठेवा आणि वळण संपेपर्यंत तो तसाच राहू द्या, वाढवू नका, सोडू नका. मध्ये गिअर बदलू नका, क्लचही दाबू नका. स्टीअरिंग सरळ झालं की मग जोर द्या. हायवेच्या लांबलचक वळणालाही हाच नियम, फक्त तिथे पाय जास्त वेळ स्थिर ठेवावा लागतो.

सिग्नलवरून वळत निघताना मोह होतो तो पहिल्या गिअरमध्ये जोरात उठायचा. तसं केलंत तर जोराखाली लॉकर सुटत नाही, दोन्ही चाकं बांधलेली राहतात आणि आतला टायर ओरडतो. हळू निघा. अरुंद पार्किंगमध्ये तर इंजिनच्या आयडलवरच गाडी सरकू द्या.

आवाजाचं म्हणाल तर, हळू वळताना येणारी टक-टक ही लॉकर नीट काम करत असल्याची खूण आहे. अधूनमधून एखादा मोठा ‘ठक्’ येतो, तोही चालतो. सरळ रस्त्यावर, दोन्ही टायर सारखे असताना आवाज येऊ लागले तर मात्र डिफचं तेल काढून त्यात धातूचे कण आहेत का ते पाहून घ्या. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीत हे धक्के जास्त जाणवतात. सवय व्हायला थोडे दिवस द्यावे लागतात, आणि ते दिवस मोकळ्या रस्त्यावर घालवलेले बरे.

पायरी ४ : पावसात

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. साध्या डिफमध्ये ओल्या रस्त्यावर जास्त रेस दिली की एक चाक फिरतं, पण दुसरं रस्ता धरून असतं आणि ट्रकची शेपटी जागेवर ठेवतं. लॉक असेल तर दोन्ही चाकं एकदम घसरून फिरू लागतात. फिरणाऱ्या टायरला बाजूची पकड जवळजवळ राहत नाही. रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतोच, मग मागची बाजू त्या उतारावरून कडेकडे घसरत जाते. पिकअप रिकामा असेल तर मागे वजन नाही, त्यामुळे हे आणखी लवकर होतं.

पावसात वरचा गिअर वापरा म्हणजे चाकांवर जोर बेताने येईल. लोखंडी जाळ्या, रंगवलेले पट्टे, तेल सांडलेली जागा यांवरून जाताना पाय हलका ठेवा. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (नेहमीच्या ब्रेकशिवाय वेग उतरवणाऱ्या सोयी) टाळा, कारण तोही मागच्या दोन्ही चाकांना एकदम पकडतो. मागची बाजू सरकलीच तर ब्रेकवर उभं राहू नका. ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करा आणि ज्या बाजूला शेपटी चालली आहे त्याच बाजूला स्टीअरिंग थोडं फिरवा. पाय एकदम उचललात तर इंजिनचा ओढा दोन्ही चाकांवर येतो आणि घसरण वाढते.

बर्फ किंवा निसरडा गाळ रस्त्यावर असेल तेव्हा बटणाचा लॉक फक्त अडकलेली गाडी सुटेपर्यंत लावा. पुढे निघालात की काढा.

पायरी ५ : टायर जोडीने सांभाळा

ऑटोमॅटिक लॉकर आणि स्पूल यांना टायरमधला फरक लगेच कळतो. एका बाजूला नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला, किंवा एकीकडे हवा कमी, म्हणजे दोन वेगळ्या घेरांची चाकं एकत्र बांधली. ट्रक लहान घेराच्या बाजूला ओढू लागतो आणि तुम्ही अलायनमेंट तपासत बसता. हवा टायर थंड असताना दोन्हीकडे सारखी भरा. एका ॲक्सलवरचे टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि सारखे झिजलेले हवेत. बदलायचे तर जोडीने.

टिपर आणि इंजिनचा जोर मिळणारे दोन ॲक्सल असलेले ट्रक

मोठ्या ट्रकमध्ये दोन वेगळे लॉक असू शकतात आणि ड्रायव्हर त्यांची गल्लत करतात. एक दोन ॲक्सलना एकमेकांशी बांधतो. दुसरा एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांना बांधतो. निसरडा पट्टा दिसला तर पहिला आधीच लावून ठेवता येतो, चाकं घसरायला लागायच्या आत, आणि कोरडा रस्ता आला की काढायचा. दुसरा जास्त कडक आहे. तो लागला की ट्रक वळायला नकार देतो, स्टीअरिंग फिरवूनही पुढचं टोक सरळच जाऊ पाहतं. त्याला ताशी ४० किलोमीटरच्या वर नेऊ नका. निसरड्या तीव्र उतारावर तर तो लावूच नका.

पुढच्या ॲक्सलचा लॉक

रस्त्यावर कधीच नाही. वळणारीच चाकं एकमेकांना बांधली तर स्टीअरिंग हाताशी झगडतं आणि गाडी सरळ पळू पाहते. वेल्डिंग केलेलं मागचं डिफही माझ्या मते रोजच्या रस्त्याचं नाही. पैसे वाचतात, पण ते टायर आणि शाफ्टमध्ये जातात, आणि पावसात धोका कायमचा मानगुटीवर बसतो.

पंक्चर आणि दुसऱ्याच्या हातात देताना

एक मागचं चाक जॅकवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नका. साध्या डिफमध्ये उचललेलं चाक हवेत फिरत राहतं. लॉकर असेल तर जमिनीवरच्या चाकाला जोर मिळतो आणि ट्रक जॅकवरून उडी मारून पुढे जातो. लिमिटेड स्लिपमध्येही हाच धोका आहे.

ट्रक दुसऱ्या ड्रायव्हरला किंवा गॅरेजमध्ये देताना हे तोंडी सांगाच, शिवाय स्टीअरिंगजवळ एक चिठ्ठी चिकटवा. ऑटोमॅटिक लॉकर असेल तर या तीन ओळी पुरतात : मागे ऑटोमॅटिक लॉकर आहे. वळणात रेस बदलू नये. चाक जॅकवर असताना गिअर टाकू नये.