शाळेत शिवकालीन खेळाच्या ग्रुपसोबत मदतीला जाताय? मग हे वाचून जा

१९ फेब्रुवारी जवळ आली की आजूबाजूच्या खेड्यांतल्या शाळांचे फोन सुरू होतात, तुमचा तो दांडपट्टावाला ग्रुप येतो का म्हणून. ग्रुपमधे खरे खेळणारे सहा-सातच असतात, बाकी सामान उचलायला, पोट्टे सांभाळायला आपल्यासारखे हौशी लागतात. मी चार वर्षं झाली जातोय, तलवार अजून धड फिरवता येत नाही पण काय चुकतं ते बऱ्यापैकी कळलंय.

आधी कागद. आपलं सगळं सामान बोथट असतं हे खरं, पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात ९ इंचांपेक्षा लांब पात्याच्या धारदार हत्यारांवर बंधनं आहेत, आणि रस्त्यात अडवणाऱ्या पोलिसाला धार आहे की नाही ते लांबून दिसत नाही. त्यामुळे शाळेचं पत्र जोडून ठाण्यात अर्ज द्या, पोच खिशात ठेवा, अन् तलवारी सतरंजीत गुंडाळून गाडीत टाका. बाईकला बांधून मिरवत नेऊ नका बाप्पा.

कपडे साधे. बंडी, सुरवार, कमरेला शेला, डोक्याला पागोटं, ते आज्याच्या जुन्या धोतराचं झकास होतं. चकचकीत पॉलिस्टरचा रेडिमेड फेटा घातला की मावळा कमी अन् नवरदेवाचा भाऊ जास्त दिसतो. घड्याळ, स्पोर्ट शूज घरी. चिलखत घालायला मिळालं तर आतून कापूस भरलेली बंडी पाहिजेच, नाहीतर कड्या खांद्याला काचतात, आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटांच्या वर नको. मी पहिल्या वर्षी हौसेनं दुपारी बारा वाजता घालून उभा राहिलो, डोळ्यापुढं अंधारी आली अन् माठाजवळ जाऊन बसलो, पोट्टे म्हणे मावळा मेला.

आता खरं काम म्हणजे रिंगण. दांडपट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोळीत जातो, आतली आडवी मूठ धरली की मनगट जवळपास बांधलंच जातं, मग चार फुटाचं लवचिक पातं सगळं खांद्यातून अन् कमरेतून फिरतं. म्हणजे ते ऐन वेळी थांबवता येत नाही. म्हणून फक्कीनं (पांढऱ्या भुकटीनं) रिंगण आखा, खेळणाऱ्यापासून निदान पंधरा फूट, त्याच्या मागं दोरी अन् दोरीला तुम्ही. पोट्टे बसल्या बसल्या पुढं सरकतात, पाच मिनिटांत फक्की त्यांच्या पँटीखाली गेलेली असते, त्यामुळे तुम्ही खेळ पाहायचाच नाही, खेळाकडं पाठ करून पोट्ट्यांकडं तोंड ठेवायचं. हे लय जड जातं, पण तेच काम आहे.

कोणी म्हणेल की तळहातावर निंबू ठेवून कापून दाखवा. शाळेत नाही म्हणजे नाही, केळीचा खांब आणा, त्यावर ठेवा. आगीचं चक्रही नको, या दिवसात शाळेच्या भिंतीला लागून कोणाचं तरी कुटार, म्हणजे मळणीचा वाळला भुसा, पडलेलं असतं.

खेळ झाला की सामान मांडून ठेवतो तेव्हा खरी मजा. एकेकाला हात लावू द्या पण रांगेत, आणि मुलींना आधी बोलवा, नाहीतर त्या आरतीचं ताट धरून मागंच राहतात. मागच्या वर्षी पाचवीतल्या एका मुलीनं दांडपट्ट्याच्या खोळीत हात घातला, तिचा तर दंडापर्यंत आत गेला, अन् म्हणते, "दादा, यात हात खाजवला तं काय करत असन?" उत्तर नव्हतं माझ्याकडं.

दुसरा ठरलेला प्रश्न, "हे खरं वाघनख हाय का?" नाही म्हणून सांगा, लोहाराकडून बनवलंय. लंडनहून २०२४ मधे आणलेलं वाघनख नंतर नागपूरच्या संग्रहालयातही ठेवलं होतं, पण ते अफजलखानाच्या वेळचंच असं लंडनचे संग्रहालयवालेही खात्रीनं सांगत नाहीत, हे मोठ्या वर्गातल्या मुलांना सांगायला हरकत नाही. आणि सगळा इतिहास सह्याद्रीतच घडला असं पोट्ट्यांना वाटतं, तेव्हा जिजाऊंचं सिंदखेडराजा आपल्या बुलढाण्यात आहे हे सांगा. शाळा चंद्रपूरकडची असेल तर गोंड राजांचा परकोट (शहराभोवतीचा तट) अन् गोंड राणी हिराई आधी, मावळे नंतर. पोट्टे गावाचं नाव ऐकलं की सरळ बसतात.

निघताना सामान मोजून घ्या, दहा तलवारी आणल्या तर दहाच भरा. हात लागून लागून पात्यांना घाम बसतो, तो तसाच राहिला तर आठवड्यात तांबूस होतात, म्हणून फडक्यानं पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवून मगच सतरंजीत बांधा. हे काम सगळे टाळतात, कारण तिकडं तोवर झुणका-भाकरीची पंगत बसलेली असते.