वसंताची तयारी: सोसायटीतल्या हौशी बाग-ग्रुपसाठी

संक्रांत झाली की बागेच्या ग्रुपवर पहिला मेसेज येतो तो बियांचा. कोणीतरी लाल भेंडीचा फोटो टाकतं, कोणाला ड्रॅगन फ्रूट लावायचं असतं, आणि दोन दिवसांत ऑर्डरसुद्धा जाते. जरा थांबा. आधी हे विचारा की मे महिन्यात पाणी कोण घालणारे. आपल्याकडे, म्हणजे पुण्या-नाशकाकडे तरी, वसंताची मजा फार थोडी. फेब्रुवारीत काटेसावर, पळस, पांगारा फुलतात, सगळे फोटो काढतात आणि मार्च संपेपर्यंत पारा चाळिशीकडे निघालेला असतो. त्यामुळे वसंताची तयारी म्हणजे खरंतर उन्हाळ्याचीच तयारी, आणि हौशी ग्रुपची बाग जळते ती बहुतेक वेळा माणसं नसल्यामुळे, माती-बियांचा त्यात फारसा दोष नसतो.

तर जानेवारीतच एक साधा तक्ता करा. वार लिहा, प्रत्येक वारापुढे दोन नावं, आणि शेजारी एक रकाना फक्त 'मे मध्ये आहात का' एवढ्यासाठी. परीक्षा संपल्या की निम्मा ग्रुप कोकणात किंवा आजोळी जातो, लग्नसराई असते ती वेगळीच, त्यात कोणाचाच दोष नाही पण झाडांना ते कळत नाही ना. मेमध्ये उरणारी माणसं मोजा आणि तेवढ्यांना झेपेल एवढ्याच कुंड्या ठेवा, बाकीच्या आत्ताच घरोघरी दत्तक देऊन टाका. आणि 'वॉचमनकाका घालतील की' हा प्लॅन नको. त्यांना गेट सोडून येता येत नाही, आणि त्यांनीच घालायचं असेल तर महिन्याचे पैसे ठरवून द्या, उगाच गोड बोलून काम काढून घेऊ नका.

मग पानगळ. माझ्या मते या सीझनची सगळ्यात मोठी कमाई हीच, आणि लोक तिला कचरा म्हणतात! फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षावृक्ष, करंज, पिंपळ, कडुनिंब असं काय काय पानं टाकतं, सकाळी झाडून घेतलं तरी दुपारी पुन्हा पार्किंग भरलेलं. ही पानं जाळायची नाहीत, घनकचऱ्याच्या नियमांत उघड्यावर कचरा जाळायला बंदीच आहे, शिवाय धूर थेट पहिल्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये जातो आणि मग भांडणं. त्यापेक्षा कोंबडीची जाळी आणा, साधारण तीन फूट रुंद आणि चार फूट उंच गोल उभा करा, बाहेरून चार बांबू बांधा, झाला पानांचा पिंजरा. तळाला थोड्या काटक्या टाका म्हणजे हवा खेळते. मग फूटभर पानं, त्यावर शेणाचं पाणी किंवा आंबट ताक नाहीतर गुळाचं पाणी शिंपडा, पायाने जरा दाबा, परत पानं. ओल किती हवी हे सगळे विचारतात, तर मूठभर पानं आतून काढून दाबून बघा, पिळून ठेवलेल्या फडक्याइतकी दमट लागली पाहिजेत, पाणी गळायला नको. पंधरा दिवसांनी एकदा वरखाली करायचं. पिंपळाची आणि आंब्याची पानं चिवट असतात, ती आधी पायाखाली किंवा गाडीच्या चाकाखाली चुरडून घेतली तर लवकर कुजतात (आमच्याकडे पार्किंगमध्येच दोन दिवस पसरून ठेवतात, गाड्या आपोआप काम करतात). फेब्रुवारीत भरलेला पिंजरा पावसाच्या तोंडावर काळंभोर खत देतो, आणि जूनमध्ये तेच विकत घ्यायला गेलात की कळतं काय वाचलं ते. पानं जास्तच झाली तर पुण्यात 'ब्राऊन लीफ' म्हणून उपक्रम आहे, पानं असलेल्यांची आणि पानं हवी असलेल्यांची गाठ घालून देणारा, तिकडे विचारा. उलट तुमच्याकडे झाडंच कमी असतील तर शेजारच्या सोसायटीची पोती मागा, ते आनंदाने देतात.

एक सांगायचं राहिलं, पानांच्या जुन्या ढिगात हात घालू नका. दाताळ्याने ओढा, पायात बूट असू देत, पोरांना लांब ठेवा. घोणस वाळक्या पानांत अशी काही मिसळून जाते की दिसतच नाही. साप दिसला तर सगळ्यांनी मागे व्हायचं, एकाने लांबूनच नजर ठेवायची आणि सर्पमित्राला फोन करायचा, काठ्या आणायच्या नाहीत. नंबर आधीच सेव्ह करून ठेवा, ऐन वेळी 'कोणाकडे आहे का' विचारत बसू नका.

आता छाटणी. उत्साही मंडळींना सिकेटर (छाटणीची कात्री) हातात आला की काय कापू आणि काय नको असं होतं, म्हणून हे आधीच स्पष्ट करा. मोगऱ्याची छाटणी जानेवारीतच झालेली बरी, थोडे दिवस पाणी कमी करायचं, फांद्या आखडून घ्यायच्या, मग शेणखत देऊन पाणी सुरू करायचं, म्हणजे मार्चपासून कळ्या धरतात. गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरात होऊन गेलेली असते, आता फक्त सुकलेली फुलं आणि काळ्या पडलेल्या काड्या काढा. जास्वंदीला मात्र नीट वेळ द्या. शेंड्याशी पानं चुरगळलेली दिसली की ती उलटी करून बघा, देठाच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पुंजका दिसेल आणि खोडावरून मुंग्यांची रांग वर चाललेली असेल. तो पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याचा गोड रस खातात आणि त्यालाच एका फांदीवरून दुसरीकडे नेतात, त्यामुळे मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय फवारण्या मारून फारसा उपयोग होत नाही. खराब शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नकोत. उरलेल्या झाडावर पाइपने पाण्याचा जोरात फवारा मारा आणि मग संध्याकाळी लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा लिक्विड सोप घालून फवारा, आठवड्याने परत. उन्हात फवारलंत तर पानं करपतात. आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना सिकेटर स्पिरिटने पुसायचा, हे कंटाळवाणं काम आहे पण करायचंच.

मोठ्या झाडांच्या फांद्यांना मात्र हात लावू नका, जागा सोसायटीची असली तरी. महाराष्ट्रात झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा कायदा आहे आणि शहरात फांद्या छाटायलाही पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज कमिटीच्या लेटरहेडवर आत्ताच द्या, पावसाच्या आधी काम व्हायला हवं असेल तर.

मातीचं सांगतो. वर्षभर पाणी घालून कुंड्यांतली माती दगडासारखी झालेली असते. ती एका ताडपत्रीवर ओतून ढेकळं फोडा, जुनी मुळं काढा, दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवा, मग त्यात कंपोस्ट आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला. कोकोपीटची 5 किलोची वीट भिजली की साठ-सत्तर लिटर होते, त्यामुळे वीस कुंड्यांसाठी चार विटा मागवू नका. निंबोळी पेंड मूठमूठ. बास, यापेक्षा जास्त रेसिपी लागत नाहीत, ग्रुपवर येणारी केळ्याच्या सालांची पाणी वगैरे प्रकरणं मी सोडून दिलीत.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत, मात्र करा. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांमुळे शेतकऱ्यांना 200 लिटरचं प्रमाण पाठ आहे, आपल्याला वीस लिटरची बादली पुरते: देशी गाईचं ताजं शेण एक किलो, गोमूत्र अर्धा ते एक लिटर, गूळ 200 ग्रॅम, बेसन 200 ग्रॅम, आणि एखाद्या जुन्या झाडाखालची मूठभर माती. सावलीत ठेवा, वर गोणपाट, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा, दोन दिवसांनी तयार. दहापट पाणी मिसळून बुडाशी घालायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. बादली कुठे ठेवताय ते बघा फक्त, कोणाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवलीत तर त्याच संध्याकाळी कमिटीकडे तक्रार जाईल.

हां, आता बिया. जुन्या पुड्या फेकायच्या आधी दहा बिया ओल्या टिशूमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा, सहा-सात उगवल्या तर पुडी चालू आहे. गावठी वाण मिळालं तर तेच लावा, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना पद्मश्री मिळाली ती असं गावठी बियाणं जपण्यासाठीच, आणि त्याचं बी पुढच्या वर्षासाठी धरता येतं, हायब्रीडचं धरून उपयोग नाही. भेंडी, गवार, काकडी, दुधी, दोडका, कारली हे सगळं फेब्रुवारीत जमिनीत गेलं पाहिजे, होळीनंतर टाकाल तर रोप लहान असतानाच उन्हाचा तडाखा बसतो. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. वेलांना मांडव आधी बांधा, वेल चढायला लागल्यावर बांधायला गेलात की शेंडे तुटतात. कोथिंबीर, पालक, मुळा आता हौसेने टाकू नका, लगेच फुलावर येतात, पालेभाजी हवी तर लाल माठ टाका, महिन्याभरात कापायला येतो आणि उन्हाला घाबरत नाही.

दुधीला फुलं येतात पण फळ धरत नाही ही तक्रार दरवर्षी असते. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. मादी फुलाच्या मागे बोटाएवढा छोटा दुधी दिसतो, नर फुलाला नुसता लांब देठ असतो. दिवेलागणीच्या वेळी नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि परागाचा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. हे काम पोरांना द्या, जाम आवडतं त्यांना, आणि कुठल्या फुलाला कोणी हात लावला यावरून नंतर दुधीची मालकी ठरते.

मार्चच्या मध्यापर्यंत आच्छादन, म्हणजे मातीवर वाळक्या पानांचा वगैरे थर, घालून झालंच पाहिजे. कुंडीत दोन इंच, वाफ्यात तीन-चार इंच, खोडापासून थोडं लांब. वाळकी पानं आहेतच, शिवाय कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याला सांगून ठेवा, उसाची चिपाडं तो फुकट देतो. फक्त ती आणल्या आणल्या टाकू नका, साखरेमुळे मुंग्या लागतात, आधी पाण्याने धुऊन चांगली वाळवा आणि तुकडे करा. भाज्यांवर 50 टक्के सावलीची हिरवी शेडनेट दुपारच्या उन्हाच्या बाजूने बांधा, सुतळीपेक्षा नायलॉन दोरी बरी. पाणी सकाळी लवकर, आणि बोट मातीत घालून ओल बघून. एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं) पाणी असेल तर ते लॉनला आणि मोठ्या झाडांना द्या, पालेभाज्यांना नको. पक्ष्यांसाठी पाणी ठेवता ते छानच, पण दर दोन दिवसांनी भांडं घासून पाणी बदला, नाहीतर डासांची सोय होते.

कामाचा दिवस रविवारच ठेवा, सकाळी सात ते साडेनऊ, नंतर ऊन लागतं आणि लोक पुढच्या वेळी येत नाहीत. एकेकाला नेमकं काम द्या, म्हणजे 'कुंड्यांचं तुम्ही बघा' असं नाही तर 'बी विंगच्या बाजूच्या दहा कुंड्या तुम्ही उलट्या करा' असं. खुरपी, घमेली, झारी, दाताळं यांची यादी भिंतीवर लावा, कारण खुरपं घरी नेणारे काका प्रत्येक सोसायटीत असतातच. पोहे-चहाचा खर्च वर्गणीतूनच करा, त्याच्याशिवाय साडेसातनंतर कोणी फिरकत नाही. आणि खताच्या पोत्यापासून सुतळीपर्यंत प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाका, नाहीतर वार्षिक सभेत 'बाग खर्च' या एका ओळीवर तासभर जातो, आणि बोलतात ते नेमके कधीच न आलेले लोक.