फी भरली, पण कशी?

बारावीनंतरची दोन वर्षं छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात गेली. बरा झालो, कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, इंजिनिअरिंगला नंबरही लागला. फीचं काय? ‘कॅन्सर स्कॉलरशिप’ शोधण्यात महिना घालवला. शेवटी दाजी म्हणाले, “आजाराच्याच नावानं कशाला हुडकायलास?”

खरंच की! महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती होती. अट, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत. तहसीलचा दाखला काढला, शिक्षणातल्या गॅपसाठी प्रतिज्ञापत्र केलं, सोबत चहाचा डाग पडलेलं डिस्चार्ज कार्ड जोडलं.

अर्ज मंजूर, पैसे मात्र गायब. पासबुक छापून छापून दमलो. पैसे येतात आधार जोडलेल्या खात्यात, आणि माझं आधार जोडलेलं निघालं आजारपणात उघडलेल्या दुसऱ्याच खात्याला. रक्कम तिथंच पडून होती!