इकोसिस्टीमच्या चॅप्टरात फुकट जाणारे मार्क : या चुका टाळा

बारावी बायोलॉजीचे शेवटचे तीन चॅप्टर पर्यावरणाचे, आणि पोरं म्हणतात सर हे तर सोपंय, आदल्या रात्री वाचून घेऊ. तिथेच घात होतो. रावेर-यावलकडच्या पोरांना शिकवतो मी, पेपर तपासताना दरवर्षी तेच बघतो, जेनेटिक्समध्ये एक मार्क न सोडणारी पोरं इथे चार-पाच घालवून येतात, कारण इथले शब्द ओळखीचे वाटतात आणि आपण रोजच्या बोलण्यातला अर्थ लावून मोकळे होतो.

बायोडायव्हर्सिटी हॉटस्पॉटच घ्या, म्हणजे जीवांची विविधता भरपूर पण धोक्यात आलेला प्रदेश. एका पोराने उत्तरात चक्क भुसावळ लिहिलं होतं. मे महिन्यात भुसावळ स्टेशनवर उभं राहिलं की त्याचं चुकलं असं म्हणवत नाही, पण भाऊ, उन्हाचा इथे काही संबंध नाही. ही कल्पना नॉर्मन मायर्सने १९८८ मध्ये मांडली. आज अटी दोन आहेत : फक्त तिथेच उगवणाऱ्या, म्हणजे प्रदेशनिष्ठ, संवहनी (पाणी-अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या असलेल्या) वनस्पतींच्या किमान १५०० जाती हव्यात आणि तिथला मूळचा किमान ७० टक्के अधिवास नष्ट झालेला हवा. दुसरी अट जवळजवळ सगळेच विसरतात, हॉटस्पॉट म्हणजे नुसतं कौतुक समजतात. मग यावल अभयारण्य आहे, जंगल आहे म्हणून सातपुडा लिहून येतात. सातपुडा यादीत नाही. भारताच्या वाट्याचे चार म्हणजे हिमालय, पश्चिम घाट, इंडो-बर्मा आणि सुंदालँड, त्यातलं आपल्याकडे फक्त निकोबार. तापीच्या दक्षिणेकडून सुरू होणारा सह्याद्री यादीत आणि उत्तरेचा सातपुडा बाहेर, एवढं डोक्यात ठेवलं तरी पुरे.

अन्नसाखळीचा बाण उलटा काढणारे तर ढिगाने. कोण कोणाला खातं हा विचार करून पोरं खाणाऱ्याकडून खाद्याकडे बाण काढतात, पण बाण एनर्जी कुठे गेली ते दाखवतो. बाणाच्या जागी "च्या पोटात" म्हणून बघा : कपाशी अळीच्या पोटात, अळी कोतवाल पक्ष्याच्या पोटात, कोतवाल शिकऱ्याच्या (छोट्या ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्याच्या) पोटात. वाचताना अडखळलात म्हणजे बाण उलटा आहे. आणि सूर्य उत्पादक नाही रे, उत्पादक ती कपाशी.

याच साखळीवर गणित येतं आणि लिंडेमनचा १९४२ चा दहा टक्के नियम, म्हणजे एका पायरीवरची साधारण दहा टक्केच एनर्जी पुढच्या पायरीला मिळते, तो लोक सूर्यापासूनच लावत सुटतात. सूर्याची १०,००,००० ज्यूल एनर्जी दिली असेल तर कपाशीत १,००,००० नाही येत, झाडात साधारण एक टक्काच साठते असं धरतात, म्हणजे १०,०००. दहा टक्के त्याच्या पुढे, अळीत १,०००, कोतवालात १००, शिकऱ्यात १०. उत्तर दहापट मोठं आलं तर पहिलीच पायरी तपासा, बाकी गणित बहुतेक बरोबरच असतं. साखळीच्या पायऱ्या एकावर एक मांडल्या की पिरॅमिड होतो. एनर्जीचा पिरॅमिड कधीच उलटा होत नाही, संख्येचा होतो : एक कडूनिंब आणि त्याच्यावर हजारो किडे. "पिरॅमिड उलटा असू शकतो का" असं विचारलं तर आधी कोणता पिरॅमिड ते बघायचं, मग पेन उचलायचं.

बीओडी (बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड) जास्त म्हणजे पाण्यात ऑक्सिजन जास्त, हे वाक्य वाचलं की माझा लाल पेन आपोआप चालतो. बीओडी म्हणजे पाण्यावरची उधारी समजा. नाल्याचं सांडपाणी नदीत आलं की त्यातली घाण कुजवायला सूक्ष्मजीवांना ऑक्सिजन लागतो, किती लागेल ते बीओडी सांगतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ही जमा. उधारी वाढली की जमा संपते आणि मासे उलटे तरंगतात.

एन्डेमिक आणि एन्डेंजर्ड हे पण एकच समजतात. पहिला शब्द सांगतो कुठे सापडतो, दुसरा सांगतो टिकेल की नाही. आपला रानपिंगळा, जंगलातलं छोटं घुबड, दोन्हीत बसतो : फक्त मध्य भारताच्या जंगलात आहे आणि धोक्यातही आहे. १८८४ नंतर त्याचा पक्का पुरावाच नव्हता, संपला असंच लोक धरून चालले होते, आणि १९९७ मध्ये तो सापडला कुठे तर आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ. पुस्तकातल्या परदेशी उदाहरणांपेक्षा हे लिहा की, नंदुरबारचं नाव वाचून तपासणारा पण जरा सरसावून बसेल.

ओझोनचं भोक आणि ग्लोबल वॉर्मिंग एकत्र कालवू नका, मॉन्ट्रियल करार १९८७ चा आणि तो ओझोनसाठी. जीव मूळ जागीच जपला तर इन-सीटू, बाहेर नेऊन जपला तर एक्स-सीटू : अभयारण्य इन-सीटू, झू आणि सीड बँक एक्स-सीटू, संपलं.

आता आपल्या भागातली खास चूक. जिकडे तिकडे हिरवं दिसतं म्हणून "केळीच्या बागांमुळे जैवविविधता वाढते" असं पोरं ठोकून देतात. जैवविविधता तीन पातळ्यांवर मोजतात, जीन, जाती आणि परिसंस्था, आणि टिश्यू कल्चरची (लॅबमध्ये एकाच झाडापासून वाढवलेल्या रोपांची) जी-नाईन ही केळीची जात लावलेली बाग पहिल्या दोन्हीत नापास. शेकडो झाडं पण जीन सगळ्यांचे जवळपास सारखे, म्हणून सीएमव्ही हा व्हायरस आला की तग धरणारं वेगळं रोप बागेत सापडतच नाही. केळी वाईट असं मी म्हणत नाही, माझं पण घर केळीवरच चाललंय, पण उत्तर ते उत्तर. पटत नसेल तर क्वाड्रॅट, म्हणजे जाती मोजायचा ठरावीक मापाचा चौकोन, टाकून बघा. एका पोरीने प्रोजेक्टला बागेत एक चौकोन आखला आणि बांधावर एक, बागेची यादी चार ओळीत संपली, बांधाची पानामागच्या पानावर गेली. पप्पांनी दुसऱ्याच दिवशी बांध साफ करायला माणूस सांगितला होता, तर ही म्हणे, प्रॅक्टिकल होऊ द्या पप्पा, मग काय ते करा.