आर-२२चा गॅस हवेत न सोडता एसीचं काम कसं करायचं

जुना दीड टनाचा स्प्लिट एसी दुसऱ्या घरी हलवायचा असला की बऱ्याच ठिकाणी काय होतं, ते आपल्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. पाना लावला, पाइपचा जोड धरून ठेवणारा फ्लेअर नट सैल केला, फुस्स करून सगळा गॅस गेला, आणि पाच मिनिटांत इनडोअर खाली उतरलं. सोलापुरात मी गेली अनेक वर्षं एसी-फ्रिजचं काम करतो, पोरांना शिकवतो. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात सांगतो, की ही फुस्स माझ्या दुकानात चालणार नाही.

कारण साधं आहे. जुन्या एसीत थंडावा देणारा गॅस म्हणून आर-२२ असतो. त्यातला क्लोरीन वर जाऊन ओझोनचा थर खातो. जुन्या फ्रिजमधल्या आर-१२च्या मानाने याचा ओझोनला त्रास साधारण विसाव्या हिश्शाचा, पण एसींची संख्या बघा. शिवाय एक किलो आर-२२ हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता तो धरून ठेवतो. दीड टनाच्या एका एसीत साधारण किलोभर गॅस असतो.

आपला देश १९९२ साली ओझोनचा थर वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारात सामील झाला, २००० साली त्यासाठी नियम केले आणि २००८च्या १ ऑगस्टला सीएफसीचं, म्हणजे आर-१२च्या गटातल्या गॅसचं, उत्पादन ठरलेल्या मुदतीच्या आधीच थांबवलं. आर-२२ ज्या गटात येतो, त्या एचसीएफसीचा वापर २०२५ पर्यंत ६७.५ टक्क्यांनी कमी करायचा होता. २०३० मध्ये तो बंद व्हायचा आहे. त्यानंतर २०४० पर्यंत फक्त जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी अगदी थोडा मिळेल. कारखान्यांचं काम सरकार बघतंय. पण जो गॅस आधीच लोकांच्या भिंतींवर टांगलेल्या पाइपांत आहे, तो कुठल्या कायद्याच्या नव्हे, तुमच्या-माझ्या पान्याच्या हातात आहे. म्हणून ही पद्धत नीट शिकून घ्या.

एसी चालू असेल तर पंप डाउन

कॉम्प्रेसर चालतोय आणि आउटडोअरमध्ये गळती नाही, तर वेगळं मशीन लागत नाही. एसीचाच कॉम्प्रेसर सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा करून देतो.

आधी जाड पाइपच्या व्हॉल्व्हवरच्या सर्व्हिस पोर्टला (गॅस भरायच्या तोंडाला) गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, लावा. गेजच्या होजमधली (नळीतली) हवा आत जाणार नाही एवढं बघा. दोन्ही व्हॉल्व्हची पितळी टोपणं काढून खिशात ठेवा. गच्चीवरून एकदा खाली पडली की सापडत नाहीत आणि टोपण नसलेला व्हॉल्व्ह पुढे हळूहळू गळत राहतो. एसी कूलिंगवर, सर्वात कमी तापमानावर लावून पाच-दहा मिनिटं चालू द्या.

आता एलन कीने बारीक पाइपचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पूर्ण बंद करा. ही लिक्विड लाइन. इथून गॅस आत जायचा थांबला, पण कॉम्प्रेसर आतला ओढतोच आहे. आता नजर गेजवरून हलवू नका. काटा साठ-पासष्ट पीएसआयवरून (पीएसआय हे दाबाचं माप) खाली यायला लागतो, आधी सावकाश, मग झपझप. बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत काम होतं. काटा शून्याच्या किंचित वर, दोन-तीन पीएसआयवर आला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करा आणि त्याच क्षणी एसीचा स्विच बंद करायला खाली माणूस उभा ठेवा. एकट्याने करत असाल तर आधीच स्विच हाताशी येईल अशी सोय करा.

काटा शून्याखाली जाऊ देऊ नका. आणि कॉम्प्रेसर चालू असताना फ्लेअर नट कधीही सैल करू नका. हवा आत ओढली गेली, तेलात मिसळली आणि दाब वाढला की कॉम्प्रेसर फुटू शकतो. ही भीती दाखवण्यासाठी सांगत नाही, असे अपघात होतात.

कॉम्प्रेसर बंद पडला असेल तर

मग गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं रिकव्हरी मशीनच लागतं. विंडो एसीत तर व्हॉल्व्हच नसतात, तिथेही हेच. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून भरा, ८० टक्क्यांच्या वर नाही. उन्हात लिक्विड पसरतो आणि जागा उरली नाही तर सिलिंडर धोक्याचा. एका सिलिंडरमध्ये दोन जातींचे गॅस कधी मिसळू नका, कारण मिसळलेला गॅस कुठल्याच एसीला चालत नाही. हातमोजे, चष्मा घाला. गॅस लाइनमध्ये असताना ब्रेझिंगची (पाइप जोडायची) ज्योत लावू नका, आर-२२ जळून विषारी वायू होतो.

परत भरताना

इथे गिऱ्हाईकाशी जरा बोलावं लागतं. "दादा, नुसता गॅस भरून द्या, किती होतील?" असा फोन येतो. मी सांगतो, "ताई, गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधू." नायट्रोजन भरून जोडांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे दिसतील तिथे काम करा. ऑक्सिजन चुकूनही वापरू नका. कॉम्प्रेसरच्या तेलाशी तो स्फोट करतो. पाइप धुवायचाही तर नायट्रोजननेच. आर-२२ने धुणं म्हणजे तोच गॅस पुन्हा हवेत. नवीन बसवताना पाइपातली हवा काढायला एसीतला गॅस दोन सेकंद सोडायची सवय मात्र सोडवेना अनेकांना. त्याऐवजी हवा ओढून घेणारा व्हॅक्यूम पंप जोडा, पाचशे मायक्रॉनपर्यंत (आत उरलेल्या दाबाचं बारीक माप) ओढा, मग काटा थांबतो का ते बघा. त्यानंतर वजन करून, एसीच्या प्लेटवर लिहिलं असेल तेवढंच भरा.

एक गोष्ट निक्षून सांगतो. आर-२२ महाग झाला म्हणून जुन्या एसीत आर-२९० भरू नका. आर-२९० उत्तम गॅस आहे, ओझोनला शून्य धोका, पण तो प्रोपेन आहे, म्हणजे ज्वलनशील. त्याच्यासाठीच बनवलेल्या एसीत भरा, जुन्या आर-२२च्या यंत्रात नाही.

काढलेला चांगला गॅस त्याच एसीत परत भरता येतो. जळालेल्या कॉम्प्रेसरमधला मात्र आम्लयुक्त असतो. तो वेगळ्या सिलिंडरमध्ये भरा, 'जळका आर-२२' अशी चिठ्ठी लावा, तारीख आणि वजन वहीत लिहा, आणि गॅसच्या विक्रेत्याला तो परत घेऊन शुद्ध करायला पाठवतो का ते विचारा.