साध्या कॅमेऱ्याने तेजोमेघाचे पहिले छायाचित्र

तेजोमेघ, म्हणजे अवकाशातील वायू आणि धुळीचे चमकणारे ढग, टिपण्यासाठी मोठी दुर्बीण लागते, या समजापायी अनेक जण सुरुवातच करत नाहीत. वास्तविक लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा, ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स आणि भक्कम ट्रायपॉड एवढ्या साहित्यावर पहिले छायाचित्र निघते. बहुधा कमी पडतो तो प्रकाश गोळा करण्याचा एकूण वेळ.

पहिले लक्ष्य मृग नक्षत्रातील एम ४२ हेच असावे. व्याधाचा बाण मानल्या जाणाऱ्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर असलेला हा तेजोमेघ अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनाही धूसर दिसतो आणि आकाशात साधारण एक अंश, म्हणजे दोन पूर्णचंद्रांएवढी रुंदी व्यापतो. रोझेटसारख्या तेजोमेघांचा मोह तूर्त टाळावा. त्यांचा प्रकाश मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटरच्या लाल रंगात असतो आणि नेहमीच्या कॅमेऱ्यातील फिल्टर नेमका त्यातलाच बराचसा भाग अडवतो.

जानेवारी-फेब्रुवारीत, चंद्र नसताना आणि मृग क्षितिजापासून चांगला वर आलेला असताना काम सुरू करावे. सर्वाधिक वेळ फोकसला द्यावा, कारण इतर बहुतेक उणिवा नंतर थोड्याफार झाकता येतात, फोकसची चूक मात्र कायम राहते. ऑटोफोकस बंद करून मृगातील राजन्यासारखा तेजस्वी तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरील थेट दृश्यात) दहापट मोठा करावा आणि तो लहानात लहान बिंदू होईपर्यंत फोकसची कडी सावकाश फिरवावी. लेन्सवरील अनंताच्या खुणेवर विसंबू नये. रात्र चढेल तसे तापमान उतरते आणि फोकस सरकतो, म्हणून तो अधूनमधून पुन्हा तपासावा.

पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे दर सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतात आणि फ्रेम लांबली की रेषांसारखे उमटतात. त्यामुळे ५०० या संख्येला लेन्सच्या नाभीय अंतराने आणि सेन्सरच्या क्रॉप गुणकाने (सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा किती पट लहान आहे त्या संख्येने) भागून एका फ्रेमच्या वेळेची सेकंदांतील कमाल मर्यादा काढतात. ८५ मिलिमीटर आणि १.५ गुणकासाठी ती जवळपास ४ सेकंद येते. हा नियम जुना आणि जरा उदार आहे, तेव्हा २ सेकंदच ठेवावेत. छायाचित्रे रॉ (प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्यावीत, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६०० ठेवावा, छिद्र पूर्ण उघडून ताऱ्यांचे आकार बिघडत असतील तर एक पायरी बंद करावे आणि शटर रिमोटने किंवा टायमरने सोडावे. अशा किमान ३०० फ्रेम घ्याव्यात व दर दहा मिनिटांनी तेजोमेघ पुन्हा चौकटीच्या मध्यावर आणावा. शेवटी लेन्सला झाकण लावून, त्याच आयएसओवर आणि तेवढ्याच वेळेच्या वीस-तीस ‘डार्क’ फ्रेम घ्याव्यात; सेन्सरचे स्वतःचे दोष नंतर वजा करायला त्या लागतात.

या सर्व फ्रेम डीप स्काय स्टॅकर किंवा सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र कराव्यात. सरासरी घेतल्यावर यादृच्छिक गोंगाट (चित्रातील दाणेदारपणा) फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो: १०० फ्रेममध्ये तो दहावा हिस्सा उरतो. एकत्रित चित्र प्रथम जवळजवळ काळे दिसते, त्यामुळे ते फसले असे समजू नये. कर्व्ह्ज या उजळपणा बदलण्याच्या साधनाच्या साहाय्याने अंधूक भाग टप्प्याटप्प्याने उजळवावा आणि मध्यभागातील तारकागुच्छ पांढरा पडू लागताच थांबावे. एम ४२ चा गाभा कडांपेक्षा कितीतरी तेजस्वी असल्यामुळे त्याच्यासाठी अर्ध्या सेकंदाच्या काही फ्रेम वेगळ्या घेऊन नंतर त्या जागी मिसळता येतात.