परसातली मिरची मरते कशाने? कोकणात या चुका टाळा

रोप दुपारी मान टाकतं, म्हणून संध्याकाळी आपण दोन तांबे पाणी जास्तच घालतो. सकाळी ते ताठ दिसतं. दुसऱ्या दुपारी पुन्हा मान खाली, आणि चार दिवसांत पानं हिरवी असतानाच झाड गेलेलं. कोकणात परसातली मिरची सर्वांत जास्त अशीच जाते. आपण मात्र कीड समजून फवारणीच्या मागे लागतो.

हा जिवाणूमुळे होणारा मर रोग. ओळखायची रीत घरच्या घरी करता येते. मेलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत तिरकं कापा आणि त्याचा तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात लटकता धरा. हलवू नका. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी तार खाली उतरली, तर जिवाणूच. मग त्या झाडावर औषध शोधू नका. मुळांसकट, भोवतीच्या मातीसकट काढून जाळा. गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, टाकलंत तर खताबरोबर तो रोग वाफ्यात परत येईल. त्या जागी पुढची दोन-तीन वर्षं मिरची, वांगी, टोमॅटो नको, ही सगळी एकाच कुळातली. भेंडी, चवळी किंवा मका लावा.

हा रोग पाण्याबरोबर पसरतो. आमच्याकडे पाटाचं पाणी वरच्या झाडाकडून खालच्याकडे सोडायची पद्धत होती, आणि वरचं एक झाड मेलं की आठवड्याभरात त्याच ओळीतली खालची झाडं एकामागून एक बसायची. तेव्हापासून मी प्रत्येक बुंध्याला वेगळं पाणी घालते, तेही बोट खुपसून माती कोरडी लागली तरच.

जागा आणि वेळही चुकते. पागोळ्यांखाली किंवा न्हाणीच्या सांडपाण्यावर मिरची लावू नये. माडाच्या सावलीत झाड नुसतं उंच वाढतं, मिरची धरत नाही. तिला निदान सहा तास ऊन हवं. जूनच्या पावसात सपाट वाफ्यात लावलेली रोपं तर हमखास कुजतात. पावसाळ्यात लावायचीच असेल तर वीतभर उंच गादीवाफा करा. माझं मत विचाराल, तर घरच्यासाठी भातकापणीनंतरचा हंगामच धरा: सप्टेंबरअखेरीस तरवा टाकायचा, पाच-सहा आठवड्यांची रोपं नोव्हेंबरात दोन-दोन फुटांवर लावायची. बियाणं दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण कीर्ती’चं मिळालं तर उत्तम, ती जात इथल्या हवेसाठीच काढलेली आहे.

पानं आकसली की सगळे ‘चुरडामुरडा’ म्हणून मोकळे होतात. पण पान हातात घेऊन नीट बघा. कडा वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे. खाली वळून पान लांबट झालं तर कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. फुलकिड्यांवर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं. कोळ्यावर लिटरला 2 ग्रॅम पाण्यात विरघळणारं गंधक. ही दोन्ही लागोपाठ मारू नका, पानं करपतात. मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. झाड खुजं राहून शेंडाच गोळा झाला असेल, तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू, ते झाड उपटायचं.

फुलं गळतात तेव्हा युरिया घालणं ही दुसरी घाई. नत्र जास्त झालं की पानं काळीभोर होतात आणि फुलं झडतात. एप्रिल-मेच्या उन्हातही थोडी फुलगळ होतेच. बुंध्याशी सुकलेल्या पानांचं आच्छादन द्या. खाडीकाठच्या विहिरी तेव्हा मचूळ होतात, ते पाणी मिरचीला सोसत नाही. शक्य असेल तर गोडं पाणी तिच्यासाठी वेगळं ठेवा.